दरमहा एक शब्द

४ फेब्रुवारी

बेबी,

ह्यांना जाऊन दीड महिना झाला. ह्यांच्या आजारपणाच्या दोन वर्षांत मिळून जितकी माणसं फिरकली नाहीत, तितकी ह्या दीड महिन्यात येऊन गेली. येतात, खुर्ची ओढतात, चेहरा पाडतात, चहा घेतात आणि कप खाली ठेवता ठेवता विचारतात, "ते बिटकॉइनचं काय झालं म्हणे?" मला ह्या वाक्याची शिसारी आलीय. तुझ्या चुलतभावाने तर चहा यायचीही वाट बघितली नाही. कपाटाकडे बघत विचारलं, जसं काही आत नाण्यांची थैलीच आहे.

फोन करायचा तर ह्यांनी मला दिलेल्या शब्दांच्या पाकिटावर स्वतःच्या अक्षरात बजावून ठेवलंय: फोनवर बोलायचं नाही, टाइप करायचं नाही, फोटो काढायचा नाही. म्हणून कागद. तुझ्याकडेही असंच पाकीट आहे, मला माहीत आहे.

तुझ्या दादाने तुला किती सांगितलं होतं कोण जाणे, म्हणून लिहिते. ह्या पैशाला बँक नाही, वारस लावायचा फॉर्म नाही, जाऊन रडायला मॅनेजर नाही. चोवीस साधे इंग्रजी शब्द, लेमन, टनेल असले, ओळीने ज्याच्याकडे असतील त्याचा पैसा. एक शब्द हरवला की सगळं बुडालं. ह्यांनी जन्मभर कवळ्या केल्या. वरचा जबडा, खालचा जबडा, दोन्ही साचे एकमेकांवर ठेवून जुळतात का बघायचं आणि मगच दात बसवायचे. शब्दांचंही तसंच केलं. पहिले बारा बहिणीला, पुढचे बारा बायकोला, आणि मिळेल ते अर्धं अर्धं. दोघी एकत्र येतील असं त्यांना वाटलं. जबडे चावतातही, हे त्या माणसाच्या कधी लक्षात आलं नाही.

पण मला तुझ्याशी बोलायचंय ते आईंबद्दल. ह्यांची लॅब बंद केली. मी आता दुसऱ्यांच्या लॅबमध्ये कवळ्या पॉलिश करायला जाते, आठ ते सहा. आई दिवसभर एकट्या. परवा पलंग आणि बाथरूमच्या मधे पडल्या आणि मी येईपर्यंत तशाच फरशीवर होत्या. "काही नाही, जरा गार वाटत होतं," म्हणाल्या. तू ये. शब्द जुळवू, आणि आईंचं काय करायचं ते समोरासमोर ठरवू.

वहिनी

१५ फेब्रुवारी

ती. वहिनींस सादर नमस्कार,

तुमचं पत्र वाचून डोळे भरून आले. आमच्या घराण्यात तुमच्यासारखी सून आली हे आमचं नशीब. दादा नेहमी म्हणायचा, तिच्या हाताला पॉलिश आहे.

यायचं मनात फार आहे, पण मिस्टरांची पाठ धरलीय आणि माझी पण ऑफिसात रजा उरलेली नाही. एवढ्या लांब यायचं कशाला? तुम्ही तुमचे बारा शब्द पोस्टाने पाठवा. मिस्टरांना कॉम्प्युटरचं चांगलं समजतं. ते सगळं उघडून तुमचं अर्धं तुमच्या खात्यात टाकतील. तुम्हाला बिचारीला त्यातलं काय कळणार आणि का त्रास घ्यायचा?

आईचं वाचून काळजाला घरं पडली. पण आमची जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बाथरूम एक. तिचेच हाल होतील. तिला तुमचीच सवय आहे. माझ्याकडे तिचं मन लागायचं नाही.

तुमची,
बेबी

२४ फेब्रुवारी

बेबी,

तुझ्या पत्रात एवढी साखर पेरली होतीस की वाचून झाल्यावर हात धुवावेसे वाटले.

मला बिचारीला काय कळणार ते सांगते. बारा शब्द तुझ्या मिस्टरांच्या हाती पडले की त्यांच्याकडे चोवीस आणि माझ्याकडे तुझं गोड अक्षर. एकोणीस वर्षं मी दातांशी काम केलंय, एवढं मला कळतं.

आता माझं ऐक. मशीन घरी बसवून घरूनच काम घ्यायचा माझा विचार आहे. त्याला वर्ष लागेल. ते वर्ष आईंना तू सांभाळ. त्या तुझ्याकडे असतील त्या प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला मी एक शब्द पाठवीन. बारा महिने, बारा शब्द. वर्ष संपलं की तू वॉलेट उघड आणि माझं अर्धं दे.

हे लिहिताना मला माझीच किळस आली. कागद फाडणार होते. मग आई फरशीवर पडलेल्या आठवल्या आणि पाकीट चिकटवलं.

वहिनी

८ मार्च

ती. वहिनींस,

माझ्या जन्मदात्या आईचा कोणी असा भाव लावेल असं वाटलं नव्हतं. मिस्टर तर अवाक झाले. दादा असता तर त्याला काय वाटलं असतं, ह्याचा विचार करा.

असो. आई माझी आहे, शब्द मिळोत न मिळोत, मी तिला टाकणार नाही. येत्या रविवारी गाडी करून येतो. तिचे कपडे, औषधं आणि वॉकर तयार ठेवा. फक्त सुरुवातीला दोन शब्द द्या, कारण येण्याजाण्याचा खर्चही बराच आहे.

बेबी

१ जून

बेबी,

सोबत ह्या महिन्याचा शब्द. हा पाचवा. ओळीत कितवा आहे ते मागे लिहिलंय.

अडीच महिन्यांत आईंचा आवाज ऐकला नाही. मी फोन केला की त्या झोपलेल्या असतात, नाहीतर बाथरूममध्ये, नाहीतर नुकताच डोळा लागलेला. इथे असताना त्या दिवसा डोळा मिटत नसत. खिडकीशी बसून समोरच्या बसस्टॉपवर कोण कोणाशी बोलतं ह्याची खबर ठेवायच्या आणि मी आले की मला सगळं बातमीसारखं सांगायच्या.

रक्तदाबाची गोळी जेवणाआधी, विसरू नकोस. कवळी झोपताना काढून पाण्यात ठेवायची, सकाळी मऊ ब्रशने घासायची, गरम पाणी अजिबात नाही. ती जपून वापर. तुला माहीत नसेल, तिच्यापायी ह्यांनी तीन आठवडे घालवलेत. आईंचा वरचा डावा सुळा तरुणपणी शेजारच्या दातावर चढलेला होता. ह्यांनी कवळीत सगळे दात सरळ बसवून दिले तर त्या म्हणाल्या, "हे कोणा शाळामास्तरणीचे दात आहेत, माझे नाहीत." मग ह्यांनी मेण पुन्हा वितळवून तो सुळा मुद्दाम वाकडा लावला. पॉलिश मी केलं. त्या सुळ्यामागे ब्रश पोचत नाही, तिथे कापसाने पुसावं लागतं.

आईंचा एक फोटो पाठव. फोटोवर ह्यांनी बंदी घातलेली नाही, ती फक्त शब्दांवर.

वहिनी

१४ जून

ती. वहिनींस,

तुमचा माझ्यावर विश्वास नाही हे पत्रातल्या ओळीओळीतून दिसतं. तरी फोटो पाठवते. आई आमच्या बाल्कनीत बसलीय. बघा कशी हसतेय. दोन घास जास्तच जेवते इथे. कान गेलेत म्हणून फोनवर येत नाही, बाकी छान.

मिस्टर म्हणतात सध्या बिटकॉइनचा भाव चढलाय, नंतर कोसळला तर दोघींचंही नुकसान. निदान तीन-चार शब्द एकदम पाठवलेत तर बरं. आईचं सगळं करायला मी आहेच.

बेबी

२२ जून

बेबी,

फोटो मिळाला. फोटोत आईंच्या तोंडात आहेत ते दात त्यांचे नाहीत.

आधी मला वाटलं उजेडामुळे तसं दिसतंय. मग लॅबमधली भिंगाची काच आणून बघितलं. सगळे दात सरळ, एका रांगेत, स्वस्तातल्या पिवळट सेटचे, आणि हिरडीचा रंग असला भडक की ह्यांनी तो कधी दुकानातसुद्धा आणू दिला नसता. वाकडा सुळा नाहीच. ओठ एका बाजूला वर उचललेला, कारण कवळी मोठी होतेय. तू म्हणतेस हसतेय. त्या हसत नव्हत्या, बेबी, तोंड मिटत नव्हतं.

मग मी विचार केला, घरात एकच कवळीवाली बाई असताना कवळी बदलेल कशी? ती बदलते जिथे दहा जणींच्या कवळ्या एका ताटात भिजतात तिथे. तुझ्या गावातल्या वृद्धाश्रमांना फोन लावत गेले. तिसऱ्याने हो म्हटलं. गुरुवारी बिनपगारी रजा टाकून गेले.

तुझी "बाल्कनी" बघितली. एका लांबट खोलीत नऊ पलंग. प्लास्टिकच्या चादरी, त्यांच्यावर बसलं की कुरकुर वाजणाऱ्या. फिनेल आणि लघवीचा वास एकमेकांत मुरलेला. दाराशी ट्रॉलीवर स्टीलचं ताट आणि त्यात सहा ग्लास, एकावरही नाव नाही. मी एक उचलून बघितला. पाण्यावर साय धरली होती. एवढी वर्षं लोकांच्या तोंडातून निघालेल्या वस्तू मी हातात घेतल्या, कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी बाहेर जाऊन ओकले.

आईंनी मला ओळखलं. पहिलं काय म्हणाल्या सांगू? "हे दात माझे नाहीत गं." मेट्रनबाई लगेच म्हणाल्या, "असंच बोलतात रोज." त्यांची वही मी वाचली. त्यात लिहिलंय: पेशंटला भ्रम होतात. दात आपले नाहीत असं म्हणते. तीन महिने ती बाई खरं सांगतेय आणि ते तीन महिने तिच्यासमोर भ्रम म्हणून लिहून घेताहेत. हिरड्यांना जखमा झाल्यात, दुधात बुडवलेलं काहीतरी गिळते आणि तू लिहितेस दोन घास जास्त.

ह्यांनी केलेली आईंची कवळी शेजारच्या पलंगावरच्या बाईंच्या तोंडात होती. वाकडा सुळा मला दारातूनच दिसला. काढायला गेले तर त्यांनी तोंड गच्च मिटलं आणि माझ्या बोटाला चावल्या. त्यांचा काय दोष.

आईंना घेऊन निघाले तर ऑफिसात अडवलं. दाखल मुलीने केलंय, सोडायला मुलीचीच सही लागेल. सून चालत नाही. आवाज चढवला तर वॉचमन आला.

सही पाठव. आज.

वहिनी

३० जून

वहिनी,

तुमचं पत्र मिस्टरांनी पूर्ण वाचलंही नाही, म्हणाले, नाटकं आहेत. मी वाचलं. दोनदा.

मी तिला नऊ दिवस घरी ठेवलं होतं. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. दहाव्या दिवशी सकाळी तिला स्वच्छ करताना मला ओकारी आली, तिच्या अंगावरच. ती मला म्हणाली, "तुझं पोट बिघडलंय, जा झोप." मला माझ्याच आईची किळस आली. तुम्ही सून आहात. तुम्हाला किळस आली तर ती आली, त्यात विशेष काही नाही. मुलीला आल्यावर कसं वाटतं ते तुम्हाला कळायचं नाही. त्याच आठवड्यात मी तिला तिकडे नेलं. महिन्याचे पैसे मी भरते, तुमच्याकडून एक पैसा मागितला नाही.

आणि मला शिकवू नका. महिन्याला एक शब्द हा भाव मी ठरवला नाही, तुम्ही ठरवलात. मी फक्त तुमच्या भावाने माल घेतला.

सही हवी आहे ना? सात शब्द राहिलेत. ते पाठवा, सही पाठवते. तुम्ही आधी, मी नंतर.

बेबी

५ जुलै

बेबी,

सोबत सात शब्द, ओळीने, नंबर घालून. ह्यांच्या हातचा मूळ कागदच पाठवतेय, म्हणजे मी एखादा बदलला असं तुझ्या मिस्टरांना वाटायला नको.

आता तुझ्याकडे चोवीस आहेत आणि माझ्याकडे काही नाही. तू मला काही दिलं नाहीस तर मी कुठे जाऊ शकत नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही. भावाबद्दल लिहिलंस ते खरं आहे.

सही पाठव.

वहिनी

१८ सप्टेंबर

बेबी,

सहीचा कागद जुलैतच मिळाला, आईंना घरी आणलं. पाकीट उलटं करून झटकून बघितलं, दुसरी चिठ्ठी नव्हती. ऑगस्टमध्ये खात्यात रक्कम आली. अर्ध्याहून कमी आहे, किती कमी ते मोजत बसले नाही. बँकेचा मेसेज आला तेव्हा मी मशीनवर होते. एकदम आनंद झाला, अगदी पोरकट आनंद, आणि पाठोपाठ असं वाटलं की कोणीतरी तोंडात हात घातलाय. पैसे परत करणार नाही. घरी मशीन घेतलं, दुपारी आईंजवळ बसायला एक बाई ठेवली. एवढ्या घाणीतून आलेला पैसा असा स्वच्छपणे कामाला येतो, ह्याचाही मला राग आहे.

ह्यांनी केलेली कवळी मेट्रनबाईंनी दिली परत. मी दोनदा धुतली, दोनदा पॉलिश केली. आई म्हणाल्या, "ती त्या बाईची झाली आता. मला नको." ह्यांनी आईंच्या जबड्याचा साचा जपून ठेवला होता. आमच्या जुन्या लॅबमधल्या म्हाताऱ्या कारागिराने त्यावर नवी करून दिली. सुळा कसा वाकवायचा ते मी शेजारी बसून सांगितलं. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. हिरड्यांच्या जखमा भरल्यात. बसस्टॉपची खबर पुन्हा सुरू झालीय.

हे पत्र वेगळ्याच कारणासाठी आहे.

आई रोज विचारायच्या, "बेबीचं पत्र आलं का?" वृद्धाश्रमाबद्दल एक शब्द काढत नाहीत. तुझी ओकारी त्यांना आठवते, ती मात्र त्या काळजीने सांगतात, बेबीला पित्ताचा त्रास आहे, तिने उपाशी राहू नये. त्यांच्या ह्या मायेची मला तुझ्यापेक्षा जास्त चीड येते. वाटतं, ओरडून सगळं सांगावं: किती शब्दांना विकत घेतलं, कोणी घेतलं, कोणी विकलं. पण सांगायला गेले तर विकणारी म्हणून माझंच नाव आधी येतं.

शेवटी मागच्या आठवड्यात मी तुझ्या नावाने एक पत्र लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. लांबचं दिसतं त्यांना, पण जवळचं वाचता येत नाही, म्हणून अक्षराची भीती नव्हती. लिहिलं होतं: आई, तुझी फार आठवण येते. ह्यावेळी तुझं नीट करता आलं नाही, माफ कर. जेवण वेळेवर कर. तब्येतीची काळजी घे.

आई ऐकत होत्या, हात मांडीवर. वाचून झालं. मग म्हणाल्या, "बेबीने जन्मात कोणाला जेवलास का म्हणून विचारलेलं नाही. तू लिहिलंस ना हे?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "चांगलं लिहिलंस. दर महिन्याला एक लिहीत जा."

तेव्हा बेबी, मनात आलं तरी तू पत्र पाठवू नकोस. तुझी पत्रं आता मी लिहिते.

वहिनी